बॉनेटवरचा अंगठा

“मगननी जीपसारखीच व्हवाले जोयजे, चिंधाभाऊ. हिरवी. कडेले पांढरा पट्टा. बठ्ठं तसंच.”

लिलाबाईने खोकं चिंधा पेंटरच्या पाटावर ठेवलं. आत वीतभर जीपचे सुटे प्लास्टिकचे भाग. तिच्या मुलाने, मगनने, मुंबईहून आणलेले. “सवडीनं जोडू, नाना. रंग तुमनाच,” असं चिंधाला म्हणालाही होता. सवड मिळायच्या आत कावीळ त्याला घेऊन गेली. तो चालवायचा ती भडगाव-पाचोरा जीप मालकाने धुळ्याला विकून टाकली. आईपाशी उरलं ते हे खोकं.

सत्त्याऐंशी सालच्या त्या भडगावात ट्रक असो की ट्रॅक्टर, रंग चिंधाचाच. माणूस फटकळ. “घाई शे ते डब्यात बुडाई ले!” असं गिऱ्हाइकाला सुनवायचा. पण ब्रश हातात आला की श्वाससुद्धा बेताने सोडायचा. मगनची खरी जीपही त्यानेच रंगवली होती. पुढच्या बाजूला मालकाच्या लेकीचं नाव घातलं होतं, ‘कुंदा’.

चिंधाने जीप जोडली. मग रंगाआधी प्रत्येक गाडीचा तेलकटपणा काढायचा तसं, हाताच्या सवयीनेच थिनरचं फडकं फिरवलं. पत्र्याला काही झालं नसतं. प्लास्टिकचं बॉनेट मेणासारखं मऊ पडलं आणि त्याचा अंगठा आत रुतला.

“खड्ड्यात लांबीनं लुकन भरा अन् घासा,” बायको पार्वताबाई म्हणाली. “तिले काय कळनार शे?”

“तिले नही कळनार. पन मगनले?”

चिंधाने लांबीचं लुकण भरलं नाही. खड्ड्यावरूनच हिरवा रंग दिला.

दसऱ्याला गाड्यांची पूजा. लिलाबाई नारळ-कुंकू घेऊन आली.

“लिलाअक्का, थांब. मन्हाथीन चूक व्हई गई.” त्याने सगळं सांगितलं.

तिने खड्ड्यावरून बोट फिरवलं. “मन्हा मगनना गाडीले एक ओरखडा नव्हता.”

“माले ठाऊक शे.”

रस्त्यावरून झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर चालले होते. ती नारळ मांडीवर घेऊन बसून राहिली.

गाडीच्या पुढचं नाव सगळ्यात शेवटी, मालकासमोर लिहायचं, ही चिंधाची रीत. त्याने हळूच विचारलं, “कुंदाच लिखू ना? बठ्ठं तसंच, सांगेल व्हतं तू.”

लिलाबाई एकदम उसळली. “कुंदा कोन? ती मालकनी गाडी व्हती! जनमभर दुसरानं नाव मिरवत फिरना मन्हा पोऱ्या. हाई त्यानी शे. मगन लिख.”

चिंधाने श्वास रोखून तीन अक्षरं काढली. ओल्या रंगाला धक्का न लावता तिने कुंकवाची चिमूट घेतली, आणि ती अंगठ्याच्या खड्ड्यात भरली.

मग नारळ त्याच्या हातात दिला. “तूच फोड, भाऊ.”