पॅकिंग काढून दिलेलं हेल्मेट

इलेक्ट्रिक बाइकवरून घरोघर जेवण पोचवायचं काम मिळालं, तेव्हा सगळ्यात मोठी सोय ही होती की त्या गाडीला लायसन लागत नव्हतं. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला कागद न मागणारी कुठलीही वस्तू देवासारखी वाटते. गाडी भाड्याची, वेग पंचवीसच्या वर जायचा नाही आणि आवाज तर नाहीच. आवाज नाही म्हणून भांडुपच्या बाजारात लोक मागे न बघता नेमकं माझ्या पुढ्यात पाऊल टाकायचे आणि वर मलाच विचारायचे, "दिसत नाही का रे?"

मी वाशीमकडचा. नाहूरला एका मालवणी जोडप्याकडे राहायचो, दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत. नात्याचे नव्हेत. गावाकडच्या कुणीतरी शब्द टाकला आणि काका-काकूंनी ठेवून घेतलं. काका आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन, आता घरी. त्यांची अट एकच होती. "अंगात फुल बाह्या, डोक्यात हेल्मेट. नायतर गाडीची चावी माझ्याकडे. उद्या तुका काय झाला तर तुझ्या आवशीक मी काय तोंड दाखवू?"

मला तर घरातून चालत निघालो तरी काहीतरी होईल असंच वाटायचं, त्यामुळे अट लगेच पटली. काकूंनी जुना सोफा फाडून त्याच्या फोमची गुडघ्यांना आणि कोपरांना पॅडं शिवली. सोफा मरून रंगाचा, वर सोनेरी फुलं. त्यावर काकांचा गिरणीतला खाकी शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत. मे महिन्यात या थाटात मुलुंडच्या टॉवरखाली उभा राहिलो की बाकीचे डिलिव्हरीवाले कामं सोडून बघायला यायचे.

"काय भावा, आज बैठक कुणाच्या घरी?" माझा घाटकोपरचा एक मित्र होता, तोही हेच काम करायचा, तो रोज विचारायचा. "पंचविसानं पळणारी गाडी ती. मुंगीला चिलखत घालतो काय?"

मी हसायचो. माझ्या चिलखतात घामाच्या धारा लागलेल्या असायच्या, पण डोकं मात्र गारेगार. कारण हेल्मेट काकांनी स्वतः आणलं होतं आणि स्वतःच्या हातानं नीट करून दिलं होतं. "आतला सगळा पॅकिंग काढून टाकलंय," ते म्हणाले होते, "वर कापड परत चिकटवलंय. आता बघ कसा हलका वाटता." खरंच हलकं होतं. हवा खेळायची. पट्टा ओढून घेतला की झालं. मी आयुष्यात दुसरं हेल्मेट घातलेलं नव्हतं, त्यामुळे हेल्मेट असंच असतं असं समजून मी त्यांच्या पाया पडलो होतो.

गणपती आले. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा थाट असतो, पण मखरासाठी माणूस इतका खुळा होतो हे मी नाहूरलाच पाहिलं. थर्माकोलवर बंदी आल्यापासून काका वर्षभर टीव्ही-मिक्सरच्या खोक्यांतले तुकडे माळ्यावर जमवायचे. विकत आणलं तर गुन्हा, घरातलं वापरलं तर काटकसर, असा त्यांचा कायदा. त्या वर्षी मूर्तीवर एक चंदेरी घुमट होता, मधोमध कापून उघडलेल्या शिंपल्यासारखा. सगळी चाळ वाखाणून गेली.

आरतीला घाटकोपरवाला आला होता. प्रसाद घेताना तो मखराच्या मागे वाकून बघत राहिला. मग मला बाहेर ओढून म्हणाला, "भावा, त्या घुमटाच्या मागे साइज लिहिलीय. एल."

"मग?"

"देवाला कधीपासून साइज लागायला लागली?" त्यानं स्वतःच्या हेल्मेटचं आतलं कापड उचलून दाखवलं. खाली पांढरं, जाड थर्माकोल. माझ्या हेल्मेटचं कापड उचललं तर खाली नुसतं प्लास्टिक, बादलीसारखं. "डोकं आपटलं की हेच दबतं, म्हणून वाचतो माणूस. तू चार महिने टोपलं घालून फिरतोय."

मी गार पडलो. पण सांगणार कुणाला? एकदा मूर्ती बसली की विसर्जनापर्यंत मखराला हात लावायचा नाही. शिवाय ज्यांनी घरात घेतलं, सणासुदीला त्यांना सांगायचं की माझं डोकं तुमच्या देवाच्या डोक्यावर लावलंय? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी ठरवलं, आणि मेल्यानंतर तरी त्यांना वाईट वाटू नये म्हणून गाडी सायकलपेक्षा हळू चालवायला लागलो. हेल्मेटात गावाकडचा गमछा घडी करून कोंबला. तळलेल्या मोदकांची पार्सलं लोकांकडे उकडीची होऊन पोचत होती. रोज शिव्या खात होतो, पण आदरानं.

तिसऱ्या दिवशी एलबीएस रोडला खड्ड्यात चाक गेलं. वेग इतका कमी होता की मी पडलो म्हणण्यापेक्षा आडवा झालो. डोकं टेकलंसुद्धा नाही. गुडघ्याचं पॅड फाटलं आणि सोफा बाहेर आला.

घरी येऊन पडल्याचं सांगितलं तर काका खुशीत. "बघ, म्हणून सांगत होतंय. हेल्मेट होता म्हणान वाचलंस, झिला."

काकू माझं डोकं चाचपत होत्या. हेल्मेट उचललं तर आतून गमछा खाली पडला. त्यांनी आत हात घातला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि माझे डोळे नको तिथे, मखराकडे, गेले.

काकू हेल्मेट घेऊन उठल्या. काका पाटावर बसले होते, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट घातलं आणि आरतीच्या ताटातली पितळी पळी वरून हाणली.

"आई गे. काय गो ह्या?"

"लागला?"

"मगे?"

"मगे त्या पोराचा डोक्या काय पितळेचा हा?"

काकांनी हेल्मेट काढून आत हात फिरवला. मखराकडे पाहत पुटपुटले, "विसर्जनापर्यंत हलवूचा नाय ना पण."

"हलवू नकात. कापून रंगवलेला आता कोण घालता? पण नवा हेल्मेट येयपर्यंत पोरगो गाडीवर बसूचो नाय. देव काय गाडीवरसून पडाचो नाय, पोरगो पडता."

त्याच दुपारी काका सोवळ्यावरच शर्ट चढवून मुलुंडच्या दुकानात गेले, मलाही नेलं. दुकानदाराला हेल्मेट उलटं करायला लावलं, कापड उचलायला लावलं, थर्माकोल बोटानं दाबून बघितलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, ते आतलं पॅकिंग नाही, तो हेल्मेटचाच भाग आहे."

"ठाऊक आसा माका," काका म्हणाले. "लहानपणापासून."

घरी येऊन त्यांनी नवं हेल्मेट गणपतीपुढे ठेवलं, कुंकू लावलं आणि माझ्या डोक्यात घातलं. जड होतं, गरम होतं, कपाळाला रुतत होतं. काकांनी वरून टिचकी मारली.

"लागला?"

"नाही काका."

"मग जा."