तंतुकणिकांवरचं माझं व्याख्यान

आमच्या सोसायटीतले लोक अजून मला जिन्यात गाठतात आणि म्हणतात, सर, ते ‘ची’ आणि पेशींचं परत एकदा सांगा ना, काय सुंदर सांगितलं होतंत. मी गुडघ्याचं निमित्त काढून सटकतो. खरं सांगायचं तर त्या माणसांचा मला राग येतो, आणि त्यांचा काडीचाही दोष नाही हे कळत असल्यामुळे तो जास्तच येतो.

जन्मभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. नववी-दहावीची पोरं, जीवशास्त्राचा भाग माझ्याकडे. निवृत्त झाल्यावर पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही दोघं धायरीत आलो, तिसऱ्या मजल्यावर. बायको एका पतपेढीत होती, तीही त्याच वर्षी मोकळी झाली. लिफ्ट होती, पण ती कधी लिफ्टने गेली नाही. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्याआधी वर पोचायची आणि दार उघडून उभी राहायची, मला हिणवायला.

त्या दिवाळीनंतर ती दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. तिथल्या बाईंच्या कुंड्या बघतेय म्हणायची. कुंड्यांत बघण्यासारखं काय होतं? एक वाळकी तुळस आणि कोरफड. दम लागतोय हे तिला कबूल करायचं नव्हतं आणि मला बघायचं नव्हतं.

त्याच सुमाराला गच्चीवर ची गाँगचा वर्ग सुरू झाला. शिकवणारा चाळिशीचा माणूस, आधी हडपसरला एका आयटी कंपनीत होता. कंपनीने चीनला पाठवलं, तिथे याची कंबर धरली, आणि बागेत सकाळी व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती सोडवली. मग नोकरी सोडून हा हेच शिकवायला लागला. पुण्यात गल्लोगल्ली योगासनं शिकवणारे असताना आता हा परदेशी माल कशाला, असं मी पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडावर म्हणालो. तो हसला फक्त. माणूस सरळ होता, हे मला आज लिहावं लागतंय.

गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, हात पाण्यातून फिरवल्यासारखे सावकाश फिरवायचे, श्वास बेंबीच्या खाली नेऊन ठेवायचा. ‘ची’ म्हणजे त्यांच्याकडची जीवनशक्ती, आपण प्राण म्हणतो तसलं काहीतरी. एकदा त्याने ते अक्षर गच्चीच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. जुन्या लिपीत त्या अक्षरात तांदूळ आहे आणि वर वाफ आहे, म्हणाला. शिजणाऱ्या भाताची वाफ. माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. अन्न आणि हवा! पेशीतल्या तंतुकणिका दुसरं काय करतात? खाल्लेल्या अन्नातली साखर आणि श्वासातला ऑक्सिजन यांची गाठ घालून ऊर्जा काढतात.

आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाची पद्धत अशी, की गुरुवारी व्यायाम झाल्यावर कुणीतरी पंधरा मिनिटं बोलायचं. मूतखड्यावर बोलून झालं होतं, मृत्युपत्रावर झालं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी शेजाऱ्यांच्या नातवंडांचा फळा मागवून घेतला. तंतुकणिकेची आकृती काढली, आतल्या घड्यांसकट, आजही डोळे मिटून काढीन. आणि सांगितलं, चिनी लोकांनी ज्याला ‘ची’ म्हटलं ते हेच. नियमित व्यायामाने स्नायूंतल्या तंतुकणिका वाढतात, ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. तेव्हा इथे रोज सकाळी आपण आपल्या पेशींत नवी वीजकेंद्रं उभारतोय.

पहिलं वाक्य उपमा होती. दुसरं विज्ञान होतं. मधला सांधा मी असा बेमालूम भरला की कुणाला दिसला नाही. मला दिसत होता. पण समोर चाळीस माणसं माना डोलावत होती, निवृत्तीनंतर इतकं गप्प बसून माझं कुणी ऐकलं नव्हतं, आणि पहिल्या ओळीत बायको बसली होती. घरी येताना म्हणाली, आज खूप दिवसांनी तुम्हाला असं खुललेलं बघितलं. मी खूश.

त्या दिवसापासून तिने एकही सकाळ चुकवली नाही. थंडीत शाल गुंडाळून जायची. हात फिरवताना मध्येच कठड्याला टेकायची, चेहरा कणकेसारखा पांढुरका. फेब्रुवारीत त्या शिकवणाऱ्याने मला बाजूला घेतलं. सर, काकूंना इतका दम लागायला नको, हे व्यायाम फार हलके आहेत, एकदा रक्त तपासून घ्या, असं तो म्हणाला. आणि मी काय करावं? मी त्यालाच शिकवलं. सुरुवातीला असं होतंच, पेशींची जुनी यंत्रणा मोडून नवी तयार होतेय, शरीराला वेळ द्यायला हवा. बायको शेजारीच उभी होती. तिने लगेच मान हलवली. तो बिचारा काय बोलणार, सरांनाच सगळं ठाऊक! पुन्हा त्याने विषय काढला नाही.

मार्चपासून ती तांदूळ निवडता निवडता कच्चेच तोंडात टाकायला लागली. कुरकुर आवाज यायचा. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, शिजेपर्यंतही दम नाही, ‘ची’ थेट पोटात चाललीय वाटतं. ती हसली.

दहावीच्या पेपरात मी एक प्रश्न किती वेळा घातला असेल, देव जाणे. शास्त्रीय कारण लिहा: रक्तक्षय झालेल्या माणसाला लवकर थकवा येतो. दोन गुण. रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणून पेशींना ऑक्सिजन कमी, म्हणून ऊर्जा कमी. वर्गातली ढ पोरंसुद्धा हे पाठ करून दोनपैकी दोन घ्यायची. तंतुकणिका लाख असतील, हवाच पोचली नाही तर त्या काय करणार, हे मी शेकडो मुलांना खडसावून सांगितलं, आणि माझ्याच घरात, माझ्याच समोर, तीन वेळच्या जेवणाच्या ताटावर मला ते आठवलं नाही; कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही रक्तक्षयाचंच लक्षण, तेही नाही. गाढव म्हणायला हवं, पण गाढवाने निदान व्याख्यान दिलं नसतं.

जूनमध्ये ती जिन्यात खाली बसली आणि तिला उठताच येईना. दवाखान्यात डॉक्टरणीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि तिथूनच आमची रवानगी मोठ्या इस्पितळात झाली. मोठ्या आतड्यात गाठ होती, कित्येक महिने आतल्या आत थोडं थोडं रक्त जात होतं. यकृतापर्यंत पोचली होती. थकवा कधीपासून, असं तिथल्या डॉक्टरणीने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, हल्लीच हो, महिनाभर झाला असेल. दिवाळी सोडून तिने थेट मे महिन्यावर उडी मारली. डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. खोटं तिला माझ्यासाठी बोलावं लागलं, तिथेही मी गप्पच.

ती गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. लवकर कळलं असतं तर काय झालं असतं हे मला कुणी सांगितलेलं नाही. विचारायची माझी छाती नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. हाताला रक्ताची पिशवी लावलेली, दोन पिशव्या आधीच चढून गेलेल्या, त्यामुळे गालावर जरा रंग आला होता. किती महिन्यांनी तिचा नेहमीचा चेहरा दिसत होता. तिने माझ्याकडे वळून विचारलं,

“अहो, ते ‘ची’ आणि तंतुकणिकांचं तुम्हाला स्वतःला खरं वाटत होतं का?”

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. मग मीही फसलो होतो, दोघं मिळून फसलो होतो, असं झालं असतं. पण डॉक्टरणीसमोर मी एकदा गप्प बसलो होतो.

“नाही,” मी म्हणालो. “बोलायला छान वाटत होतं.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“लोकांना सांगितलंत ते ठीक आहे हो,” ती म्हणाली. “घरी आल्यावर मला तेवढं सांगायचं होतंत.”