मी न घातलेली पेंड

दोन हजार सतरा सालची गोष्ट. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा. बायको जाईपर्यंत तिला हे सांगितलं नाही. देवळात हात जोडले तेव्हाही मनात येऊ दिलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

शाळा माझी चौथीपर्यंत. शहराबाहेर, बनशंकरीच्या पुढे, कनकपुरा रस्त्याला माझा डुकरांचा फार्म. आमच्या मराठी घरांत हा धंदा कुणी केला नव्हता. भावकीनं माझ्या घरचं पाणी पिणं सोडलं. नका पिऊ म्हटलं! जयनगरच्या हॉटेलांतला उरलेला भात-सांबार ड्रम भरून आणायचा आणि डुकरांना घालायचा. सगळा जन्म त्यात गेला. मला कोण शिकवणार?

शिकवायला आली माझीच मुलगी. मंजुळा. नवऱ्यानं मनगट मोडलं म्हणून माहेरी आली होती, हात प्लास्टरात. तो मारतहळ्ळीला व्हॅन चालवतो. मी म्हटलं, इथं राहायचं तर काम दाखव. ही एक डुकरीण तुझी. पिल्लं चांगली वाढली तर राहा, नाही तर नवऱ्याकडे परत. बाप असं बोलतो का? मी बोललो.

ती कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आलेली. म्हणाली, "अप्पा, भातानं पोट भरतं, दूध होत नाही. दुधाला लायसिन लागतं, अमिनो ॲसिड असतं ते. भातात ते थोडंच. खाण्यातून मिळालं नाही तर डुकरीण स्वतःच्या अंगातलं मांस मोडते आणि पिल्लांना पाजते." मग तिनं सोयापेंडेचं पोतं आणलं, लायसिनच्या पांढऱ्या पुडीचा डबा आणला. एका हातानं तिला बादली उचलवेना. म्हणून तिच्या डुकरिणीचं खाणं कालवायचं काम माझ्याकडे.

तिची आणि माझी, दोन्ही डुकरिणी एकाच आठवड्यात व्याल्या. माझी पिल्लं होती तशी, नेहमीसारखी. तिची? अंग चकचकीत, मानेला वळ्या. पिल्लं घेणारा नागराज आला, आणखी दोघं-तिघं होते. तो गोठ्याशी उभा राहून म्हणाला, "अण्णा, झालं बघा तुमचं! आता कट्ट्यावर बसून कॉफी प्यायची. फार्म अक्का बघेल." सगळे हसले. मंजुळाही हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल.

आणि मला तेच खुपलं. नागराजचं नाही — तिचं.

इथं थांबावंसं वाटतंय. पण सुरुवात मीच केली ना?

त्या संध्याकाळपासून मी तिच्या डुकरिणीला पेंड घातली नाही. पूडही नाही. नुसता भात ढवळायचो. सांबारात सगळं एकाच रंगाचं दिसतं, तिला काय कळणार? एकदा तिनं विचारलं, "अप्पा, दोन्ही घालता ना?" मी म्हटलं, "घालतो की. बापाला चोर म्हणतेस?" तिनं माफी मागितली. तिनं — माझी.

डुकरीण पोटभर खायची आणि वाळत जायची. आधी पाठीचा कणा वर आला, मग माकडहाड. पिल्लांचे केस उभे राहिले. ती सडाला झोंबायची, सोडायची, किंचाळायची. डुकरीण त्यांना अंगाखालून झटकून उठायची. मंजुळा ओल्या जमिनीवर बसून चांगल्या हातानं एकेक अशक्त पिल्लू सडाला लावायची. एक मेलं. मग दुसरं. "माझंच काय चुकतंय?" असं आपल्याशीच म्हणायची. मी भिंतीला टेकून बघत होतो. खरं सांगू? बरं वाटत होतं. मांस मोडून दूध होतं म्हणाली होती, ते डोळ्यांसमोर होताना दिसत होतं. ती बरोबर होती, हे मला तिच्या आधी कळलं.

नागराज परत आला तेव्हा त्याच्यासमोर मी म्हणालो, "हिच्या हाताखाली काही जगत नाही." तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. बोलताना मला ते माहीत होतं का? होतं. म्हणून तर तेच शब्द काढले.

ती पिशवी भरायला गेली. जावयाला फोन मीच लावला.

तो व्हॅन घेऊन आला. प्लास्टर अजून निघायचं होतं. चढता चढता म्हणाली, "अप्पा, त्या बारक्याला पुढच्या सडाला लावा. तिथं दूध जास्त असतं." मी "हूं" म्हटलं.

अजून तिथंच आहे ती. सणाला येते. भर एप्रिलात लांब बाह्यांचं ब्लाऊज घालून येते, पाया पडते. मी आशीर्वाद देतो. ती म्हणते, "माझ्यामुळं तेव्हा तुमची पिल्लं गेली, अप्पा." मी म्हणतो, जाऊ दे.

त्या वेळी ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी सोयापेंडेचं पोतं सोडलं, डबा उघडला, आणि तिनं सांगितली होती तेवढी पेंड, तेवढी पूड तिच्या डुकरिणीच्या भातात कालवली. मग माझ्या डुकरिणीच्याही.