विहिरीतले शिंपले

आज सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पहिल्याच घोटाला मनाने थेट इथल्याच, थळच्या घरामागच्या आमच्या विहिरीवर जाऊन पोचलो.

तेव्हा लग्न नवं होतं. बायकोला गावाबाहेरून पाणी आणावं लागे, म्हणून परसात विहीर खणायला घेतली. एके दुपारी तळाच्या काळ्या, कुबट चिखलात शिंपले लागले. मी पडलो शाळामास्तर, हरखलोच! काठावरून खणणाऱ्या धोंडूला सांगू लागलो, "अरे, कधीकाळी पृथ्वी तापली, बर्फ वितळलं, समुद्र इथवर चढला. ते सूर्यामुळे की आणखी कशामुळे, ते शोधायला हवं. पुढेही चढेल!"

"मंग उद्या कोलंबी पन निंगल काय, मास्तर?" धोंडू खालून हसला.

मी शिंपले धूत बसलो. तेवढ्यात बायकोने तळाशी झिरपलेलं, बादलीने वर आलेलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. खारट. तिने रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि जुनीच वाट धरली. अजून ती त्याच वाटेने जाते, आता मध्ये दोनदा टेकते. समुद्र का चढला, तेही मला अजून कळलेलं नाही.

चहा ओतून द्यायला उठलो, तर ती म्हणाली, "अहो, टाकू नका. प्या तसाच. पाणी लांबून आणलंय."