दत्तूचा सिंह आणि मी आरोपी

माझ्यावर फौजदारी खटला चालला, तो सिमेंटच्या एका सिंहाचं मुंडकं उडवल्याबद्दल.

सिंह माझा चुलतभाऊ दत्तू याचा. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हा दोघांची घरं समोरासमोर, मधे सामायिक बोळ. दत्तूनं हायवेलगतची जमीन एका गोदामवाल्याला विकली, बंगला बांधला आणि फाटकाच्या छातीएवढ्या उंच खांबांवर एकेक सिंह बसवला. कुंभिवलीजवळ रस्त्याकडेला मूर्ती रंगवून मांडतात, त्यांतून निवडून आणलेले. (तिथे हत्ती होते, बगळे होते. तरी दत्तूनं सिंहच उचलले, यात माणूस कळतो.) चेहरे असे, जणू शेळीला पडसं झालंय. पण माझी तक्रार चेहऱ्याची नव्हती, शेपटाची होती. डावीकडच्या सिंहाचं शेपूट हातभर बोळात आलं होतं आणि माझ्या स्कूटरचा आरसा रोज त्यात अडकायचा.

"दत्तू, शेपूट आत घे," मी म्हणालो.

"शिमिटाचं शेपूट आत कसं घेनार रं? तूच स्कूटर बारीक कर."

मी खोपोलीच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवतो. शब्दांनी माणूस बदलतो, असं मुलांना सांगतो. दत्तूच्या बाबतीत महिनाभर शब्द वापरले आणि मग एका रविवारी, भर दुपारी, हातोडी घेतली.

शेपटावर तीन घाव घातले. पहिला शेपटाला लागला, दुसरा खांबाला. तिसऱ्याला हातोडीचं लोखंड दांड्यातून निसटून भिंतीपलीकडे दत्तूच्या तुळशीपाशी पडलं आणि रिकामा दांडा माझ्याच गुडघ्यावर बसला. वर पाहिलं तर गॅलरीत दत्तूची बायको उभी.

"भावजी, काय करताय?"

"व्यायाम," मी म्हणालो आणि लंगडत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून परतलो, तर बोळात सिंहाचं मुंडकं पडलेलं, शेजारी हवालदार आणि दत्तू.

"मुक्या जनावराचं मुंडकं उडवलंस, सुऱ्या," दत्तू म्हणाला. "सोडनार नाय तुला."

मला वाटलं, कालचे घाव शेपटातून मुंडक्यापर्यंत पोचले असणार. मालमत्तेचं नुकसान केल्याची फिर्याद झाली. आधी मला गंमत वाटली. मग शाळेच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, "सर, शिक्षा लागली तर आम्हाला तुमच्या नोकरीचा विचार करावा लागेल." त्यानंतर गंमत वाटली नाही. कोर्टात पहिल्यांदा माझ्या नावाआधी 'आरोपी' ऐकलं, तेव्हा मागे दुसरा कोणी उभा आहे का, ते मी वळून पाहिलं.

पण माझा माझ्या वाणीवर विश्वास. मी अकरा पानांचं निवेदन लिहिलं. त्यात सामायिक वाटेचा हक्क होता, सिंहांचा आमच्या घराण्याशी नसलेला संबंध होता, समाजाच्या ढासळत्या सौंदर्यदृष्टीवर दीड पान होतं. माझ्या वकीलसाहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"सर, यात तुम्ही गुन्हा कबूल केलाय. तीन ठिकाणी. एका ठिकाणी तर उपमा अलंकार वापरून."

"मग मी कोर्टात काय बोलू?"

"काही नाही. तेवढंच बोला."

असल्या अरसिक माणसाच्या हाती माझं भवितव्य होतं. तरीही वेळ आली तर असावं म्हणून मी ते निवेदन पाठ केलं. वर्ष-दीड वर्ष रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात म्हणायचो. माझी बायको सुनंदा भाकऱ्या थापत ऐकायची. निदान मला तसं वाटायचं.

खटला उभा राहिला. दत्तूच्या बायकोनं पाहिलं ते सगळं सांगितलं, व्यायामासकट. हातोडीचं लोखंड सीलबंद पाकिटातून निघालं. मी निवेदनाची घडी खिशात चाचपत उठणार, तेवढ्यात वकीलसाहेबांनी बचावाची साक्षीदार म्हणून सुनंदाला पुकारलं. मला न विचारता.

मुंडकं मी उडवलं का, एवढंच त्यांनी तिला विचारलं आणि 'नाय' ऐकून ते बसले. मग सरकारी वकिलांनी तिची उलटतपासणी सुरू केली. "ही हातोडी तुमचीच?"

"आमचीच. दांडा ढिला हाय. सहा महिनं सांगत हुते यांना."

"तुमच्या नवऱ्यानं सिंहावर घाव घातले?"

"घातले की. मी दारातनं बघत हुते."

मी निवेदनाची घडी खिशातून अर्धी बाहेर काढली.

"मग सिंह फुटला."

"यांच्यानं?" सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. सतरा वर्षांचा संसार त्या नजरेत होता. "साहेब, यांच्यानं नारळ फुटत नाय. सत्यनारायणाला दत्तूभावजीच येऊन फोडतात. हे गेल्यावर मी शेपूट हात लावून बघितलं. रंगबी निघाला नव्हता."

"मग मुंडकं कसं पडलं?"

"दुसऱ्या दिशी दुपारी भावजींकडं पान्याचा टँकर आला. मागं घेताना धडकला. आवाज झाला नि मुंडकं खाली. हे तवा शाळेत हुते."

कोर्टात हशा पिकला. दत्तू छताकडं बघायला लागला. वकीलसाहेब शांतपणे पंचनामा वाचू लागले: मुंडकं तुटलेलं, शेपूट शाबूत. आणि फिर्यादीच्या बायकोनंच सांगितलं होतं, की मी शेपटावर मारत होतो.

मी निर्दोष सुटलो. नोकरी राहिली. बाहेर आल्यावर मी सुनंदाला विचारलं, "टँकरचं आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलंत कुठं? तुमी भाषण करत हुतात. शेवटी वकीलसाहेबांनी विचारलं, त्यांना सांगितलं."

दत्तूनं नवा सिंह आणला, शेपूट अंगालगत असलेला. त्या बाबतीत माझा विजय झाला म्हणायचा. पण निकालाची प्रत त्याच्याच मोबाइलवरून गावभर फिरली. त्यात स्पष्ट लिहिलंय, की आरोपीनं घाव घातल्याचं दिसतं, मात्र त्या घावांनी सिमेंटच्या शेपटाचंही काही नुकसान झाल्याचं सिद्ध होत नाही. आता खोपोलीत नववीची मुलंही मला पाहून आदरानं बाजूला होत नाहीत.

मी वकीलसाहेबांकडे गेलो. निर्दोष सुटलेल्या माणसाला निकालातल्या एका वाक्याविरुद्ध अपील करता येतं का, असं विचारलं. कितीही वरच्या कोर्टात जायची माझी तयारी होती, निवेदनही पाठ होतं.

त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मग मागे उभ्या असलेल्या सुनंदाला म्हणाले, "वहिनी, यांना घरी न्या."