‘येतो’ म्हणून निघताना

आखातातल्या या शहरात, ओलाया भागात, आमच्या ऑफिसच्या मागे एक क्युबन हॉटेल आहे. क्युबन म्हणजे भिंतीवर जुन्या रंगीत मोटारींची चित्रं, काळ्या घेवड्याची उसळ, भात आणि तळलेली पिकी केळी. स्वयंपाकी फिलिपिनो, गल्ल्यावरचा माणूस बिहारचा. अर्ध्या जागेत फळांच्या पेट्या. आपण फळं निवडून द्यायची, ते रस काढून देतात. कोपऱ्यात उसाचं यंत्रही आहे, पण त्याला घुंगरू नाहीत. रस कधी निघाला ते कळतही नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं इथे यायचो. मुलगी कलिंगडं वाजवून बघायची. केळी खाताना बायको दर वेळी म्हणायची, “आपल्या कापांना कोणी एवढे पैसे देईल का?” मग मुलीच्या अकरावीसाठी त्या दोघी पुण्याला परत गेल्या. माझा शुक्रवार चालूच राहिला. टेबलही तेच, चौघांचं.

एकटा आलो त्या पहिल्याच दिवशी फजिती झाली. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. गल्ल्यावरच्याला सवयीनं म्हणालो, “आता हूँ.” पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला, “सर, उस दिन आपका आधा गिलास हम फ्रिज में रख दिए थे. आप ही तो बोले, आता हूँ.” मी समजावून सांगितलं. तो हसायला लागला. “मतलब आपके यहाँ जाने वाला आता है?” तेव्हापासून मी उठलो की तो मुद्दाम विचारतो, “सर, प्लेट रखें कि उठाएँ?”

यंदा मुलीला नागपूरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. तिला हॉस्टेलवर सोडायला येईन, असं मीच कबूल केलं होतं. गेल्या शुक्रवारी उसाचा रस समोर ठेवून फोन लावला.

“बाबा, आईनं ट्रेनची दोनच तिकिटं काढलीत. इट्स ओके.”

“अगं, येतो ना मी. रजेचं जरा...”

“येतो म्हणू नकोस, प्लीज. तू येतो म्हणतोस तेव्हा जात असतोस. एअरपोर्टवर येतो, फोन ठेवताना येतो.”

आवाजात राग नव्हता. इथल्या शाळेत वाढलेली ही मुलगी, मी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. हे मात्र मराठीत बोलली.

फोन ठेवला. रजा कोणी नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती. बँकेचं काम माझ्यावाचून अडेल, असं मी घरी सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बायकोनं मला टॉवेल काढून दिला, तो पाहुण्यांच्या कपाटातला. तिला ते जाणवलंही नाही. त्या घरात माझ्याशिवाय छान घडी बसली होती, आणि पुन्हा पाहुणा व्हायची मला भीती वाटत होती. म्हणून मुलीला ताटकळत ठेवलं.

तिथेच बसून मॅनेजरला मेसेज केला. रस संपायच्या आत त्याचा अंगठा आला. इतकं सोपं होतं ते, याचीच जास्त लाज वाटली. बायकोला लिहिलं, “तिसरं तिकीट काढ.”

तिचं उत्तर आलं, “आधी विमानाचं काढ. मग बघू.”

काढलं. त्याचा फोटो मुलीला पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ बसून राहिलो, पण तिनं काही लिहिलं नाही.

उठलो. प्लेटमध्ये केळ्याचे दोन काप उरले होते. गल्ल्यावरच्यानं मान वर केली. तो नेहमीचं विचारायच्या आतच मी म्हणालो, “जाता हूँ.”

“आज आता नहीं, सर?”

“अगले शुक्रवार नहीं रहूँगा. घर जा रहा हूँ.”

“तो उठा लें?”

मी मान हलवली. त्यानं प्लेट उचलली आणि टेबल पुसायला घेतलं.