मुलीच्या मामांनी मुलीला आणावं

"आजपास्नं ह्याला मामा म्हणायचं न्हाय," आजी म्हणाली, आणि अंगणात बसलेल्या बायका खदाखदा हसल्या.

मी पाटावर बसलेली. आठवीत. पहिल्यांदा पाळी आली म्हणून माझी ओटी भरायला गल्ली जमलेली. अंगावर आईची साडी, ती सारखी खांद्यावरनं घसरायची. कर्नाटकात निपाणीजवळच्या आमच्या गावात ही चाल अजून हाय. पोरगी न्हाती झाली की गल्लीला कळवायचं. का कळवायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, "मग काय म्हणू?"

आणखीच हसल्या. एकीनं हसून हसून डोळं पुसलं. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, दारात उभा व्हता. अठ्ठावीस वर्षांचा. त्यानं मान खाली घातली आणि तो बी हसला. नवरदेव लाजतो तसा लाजून.

सगळ्यांस्नी ठावं व्हतं. आजीला, आईला, माझ्या बापाला म्हंजी अण्णाला, गल्लीतल्या शेंबड्या पोराला बी. मलाच तेवढं ठावं न्हवतं.

आईचं माहेर चिकोडीकडचं. तिकडं आमच्या लोकांत मामालाच पोरगी द्यायची चाल. पोरगी घरातल्या घरात ऱ्हाती म्हणतात. मी पाळण्यात व्हते तवाच आजी म्हणालेली, ही माझ्या पोराची. आणि आईनं व्हय म्हटलेलं. माहेर तुटू नये म्हणून. अण्णानं बी मान हलवलेली. माझ्या अण्णाला मान हलवायची लई सवय.

आता मामाचं सांगते. हे सांगताना आजबी तोंड कडू हुतंय.

मामा बेळगावात उद्यमबागेत लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. हातावरची काजळी कितीबी घासली तरी जायची न्हाय. दर रविवारी गाडीवरनं आमच्याकडं यायचा. यायचा तवा माझ्यासाठी काय ना काय असायचंच. कंपासपेटी, रेनकोट, एकदा तर निळी सायकल. सायकल शिकवायला पाठीमागनं सीट धरून गावाच्या वेशीपतोर पळायचा. मी पडले की माझ्याआधी तोच "आई गं" म्हणायचा. वर्गातल्या पोरींस्नी मी सांगायची, तुम्हाला असंल बापाचा आधार, मला माझा मामा हाय.

ओटी भरायच्या आधी शाळेत मुलींच्या हक्काचा कार्यक्रम झाला, तवा मी भाषण केलं. बाईंनी लिहून दिलेलं, मी पाठ केलेलं. जगात किती देशांत पोरींची लहानपणी लग्नं लावतात. आफ्रिकेत. बांगलादेशात. अमेरिकेत बी, हे ऐकून सगळी चकित झालेली. "त्या बिचाऱ्या मुलींसाठी आपण आवाज उठवला पाहिजे," असं मी हात वर करून म्हणाले. त्या बिचाऱ्या मुली! अगं येडे, तू स्वतः त्यातली हाईस, हे कुणी सांगितलं न्हाय मला.

फौंड्रीत रजा टाकून मामा आलेला. सगळ्यांत मोठी शिट्टी त्याची. बक्षीस द्यायला पंचायतीतलं मेंबर आलेलं. मोठ्या घरातलं, मोठ्या जमिनीचं माणूस. आमच्या घरातली सगळी त्यांच्याच तंबाखूच्या रानात राबतात. मेंबरनी मला शब्दकोश दिला आणि माइकवर म्हणालं, "ही पोरगी गावाचं नाव काढंल."

ओटी भरल्यावर चार महिन्यांनी त्याच मेंबरनी आमच्या ओसरीवर बसून लग्नाची जागा ठरवली. मी आत भाकऱ्या थापत व्हते. एक एक शब्द ऐकू येत व्हता.

"इकडं ती अंगणवाडीची बाई लई नाक खुपसती. फोन करती, अधिकारी आणती. पलीकडं न्ह्या, महाराष्ट्रात. पलीकडच्यांस्नी काय ठाव पोरगी केवढी हाय ती? गाडी माझी न्ह्या."

अण्णानं हात जोडलं. मला वाटलं, ह्या हातांनी कवातरी कुणाला अडवावं की!

तव्यावरची भाकरी करपली. आई वरडली न्हाय. तिनं दुसरा गोळा मळायला घेतला.

तरी मला आशा व्हती. मामाची. मामा न्हाय म्हणंल. त्यानं न्हाय म्हटलं की संपलं, नवरदेवच न्हाय तर लगीन कसलं? रविवारी तो आला. गाडी पुसत व्हता. मी जवळ गेले आणि म्हणाले, "मामा, तू न्हाय म्हण. तू म्हटलास की सगळी ऐकतील. मला शिकायचंय."

तो आरसा पुसत ऱ्हायला. मग हळूच म्हणाला, "मामा म्हणू नगंस आता. माणसं हसतात."

बास. एवढंच बोलला. ह्याला पोरीचं काय हुईल ह्याची लाज न्हवती. माणसं हसतात ह्याची लाज! कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडं मागायची? मी घरात आले आणि पोटात दुखतंय म्हणून झोपले. कंपासपेटी, रेनकोट, सायकल, सगळं डोळ्यांपुढं आलं. ते भाचीसाठी न्हवतंच. तो आपलीच बायको वाढवत व्हता.

लगनाच्या सकाळी मेंबरच्या गाडीतनं आम्ही निघालो. मेंबर पुढच्या सीटवर. मी मागं, आई आणि आजीच्या मधी दाबून बसवलेली. हिरवा शालू, हातभर चुडा. कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगेचा पूल गेला. "आलं महाराष्ट्र," मेंबर म्हणालं, आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सीमेसाठी ह्याच पुलाजवळ माणसं झेंडं घेऊन घोषणा देतात. माझी गाडी गेली तवा पुलावर चिटपाखरू न्हवतं.

रस्त्यापास्नं आत एक देऊळ. वीसेक माणसं. दोन पाट. भटजी तिकडचं, आदल्या दिवशी फोनवर ठरवलेलं. आमच्यातलं त्यांस्नी काय ठाव न्हाय. मामा पाटावर उभा, डोक्याला मुंडावळ्या, नवीन पांढरा शर्ट. हातावरची काजळी तशीच. मला देवळाच्या खांबाआड उभी केलेली. आईनं माझा दंड धरलेला.

भटजींनी नेहमीसारखं मोठ्यानं सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!"

कुणी हलंना.

भटजींस्नी वाटलं ऐकू गेलं न्हाय. परत म्हणालं, "मुलीचे मामा कुठायत? मुलीला घेऊन या, मुहूर्त चाललाय."

आणि माझ्या तोंडातनं आलं. ठरवून न्हवतं. नुसतं आलं.

"मामा ह्यो काय, पाटावर उभा हाय की! मुंडावळ्या बांधून!"

देवळात घुमलं ते. मामानं वर बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक.

मी आणखी म्हणाले, "मी चौदा वर्षांची हाय. आठवीत शिकते."

मला वाटलं, झालं. आता भटजी पोथी मिटतील. कसलं काय! ते मेंबरकडं बघायला लागलं. मेंबर हसलं आणि म्हणालं, "गुरुजी, चालू द्या. पोरीला भाषणाची लई हौस. बक्षीस मीच दिलंय की."

माणसं हसली. तीच हसणी, ओटीच्या दिवसाची. भटजी खाकरलं आणि म्हणालं, "बरं, मामा नसतील तर चुलत्यानं आणावं."

त्या घडीला माझ्यातलं काहीतरी तुटलं. तोवर मला वाटायचं, मोठ्यांस्नी नीट कळलं न्हाय, कळलं तर थांबतील. त्यांस्नी सगळं कळत व्हतं. वय कळत व्हतं, नातं कळत व्हतं, कायदा बी कळत व्हता, म्हणून तर पूल ओलांडून आणलेलं. कुणी थांबवणार न्हवतं. मीच तेवढी व्हते.

मुंडावळ्या ओढून काढल्या आणि मी पळाले. आईच्या हातातनं माझा दंड कसा सुटला, मी हिसडला की तिनं सोडला, हे मला अजून ठावं न्हाय. मी विचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय.

मागनं मेंबरचा आवाज आला, "पळू नगा रे मागनं, रस्त्यावर तमाशा नगं. जाईल कुठं? भूक लागली की येईल घरला."

जाईल कुठं! तेच शब्द कानात घेऊन मी हायवेच्या कडंकडंनं चालले. उलट्या दिशेनं. दूधगंगेचा पूल, ट्रक अंगावर यायचं, शालू पायात अडकायचा. चप्पल देवळापाशीच ऱ्हायलेली. कोगनोळीत निपाणीची लाल गाडी लागली. आमच्या कर्नाटकात बायकांस्नी बस फुकट हाय. कंडक्टरनं कन्नडमधनं आधारकार्ड मागितलं. मी म्हणाले, "अण्णाच्या खिशात हाय." त्यानं माझ्या गालावरची हळद बघितली, अनवाणी पाय बघितलं, आणि फुकटचं तिकीट फाडून दिलं.

मी घरला गेले न्हाय. सरळ अंगणवाडीच्या ताईंकडं गेले. नाक खुपसणाऱ्या ताई त्या ह्याच. त्यांनी पाणी दिलं, फोन केला. अधिकारी आलं. अण्णानं कागदावर सही केली, अठराच्या आत पोरीचं लगीन करणार न्हाय म्हणून. मेंबरना कुणी काय विचारलं न्हाय. पुढच्या साली मुलींच्या हक्काच्या कार्यक्रमाला पाहुणं परत तेच. भाषणाला दुसरी पोरगी. मी खाली बसून ऐकलं, टाळी वाजवली न्हाय.

आई महिनाभर बोलली न्हाय. बोलली तवा एकच वाक्य. "माझं माहेर तोडलंस गं." खरंच तुटलं. आजी यायची बंद झाली, मामा यायचा बंद झाला. सणाला आई दाराकडं बघत बसायची. ते बघून मला वाईट वाटायचं, अजून वाटतं. पण माझा जीव दिऊन तिचं माहेर सांभाळायचं हे मला मान्य न्हाय.

आता मी पीयूसीला हाय, अकरावीला. ह्या दिवाळीत मामा आला. तीन वर्षांनी. गाडीच्या मागं बांधून एक सायकल आणलेली. गुलाबी. माझ्या धाकट्या बहिणीसाठी. ती अकरा वर्षांची हाय.

आई हरखली. भाऊ आला म्हणून पाट मांडायला पळाली. आजीचा निरोप तिला आधीच आलेला, मी फोनवर ऐकलेला. "थोरलीनं नाक कापलं. धाकटी तरी ठेवा."

धाकटी सायकलीला हात लावायला धावली. मी मधी गेले.

"सायकल परत न्हे, मामा."

"आगं, भाचीला काय दिऊ बी नगं व्हय?"

"भाची म्हणालास न्हवं? मग गल्लीत उभा ऱ्हाऊन मोठ्यानं म्हण. ही माझी भाची हाय, लेकीसारखी हाय, म्हण. सगळ्यांम्होरं म्हण आणि मग सायकल ठेव."

तो उभा ऱ्हायला. गल्लीत माणसं व्हती. त्याचं तोंड उघडलं न्हाय. आतनं आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं, सणासुदीचं." मी हलले न्हाय. शेवटी त्यानं सायकल परत गाडीला बांधली. न जेवता गेला.

धाकटी लई रडली. मला दुष्ट म्हणाली, रातचं माझ्याजवळ झोपली बी न्हाय. म्हणू दे. मला कुणी वेळेवर सांगितलं न्हाय, हिला मी सगळं सांगितलंय, आजीच्या निरोपासकट. माझी निळी सायकल गंजलीया, ती दुरुस्त करून मीच शिकवणार हिला. हिच्या वयाचा पुरावा, हिच्या जन्माचा दाखला, माझ्या दप्तरात असतो. रोज कॉलेजला माझ्याबरोबर जातो आणि माझ्याबरोबर घरला येतो. कुणालाबी तो देणार न्हाय. अण्णाला न्हाय, आईला बी न्हाय.

ही अठराची हुईल. शिकंल. मग हिला वाटलं तर लगीन करंल, न्हाय वाटलं तर न्हाय करणार. कवा तिच्या लगनात भटजी म्हणालंच, मुलीच्या मामांनी मुलीला आणावं, तर मी उठंन. हिला मामा न्हाय म्हणून सांगंन. हिला बहीण हाय.